अठ्ठेचाळीस मैलांच्या पलीकडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



वेल्समधील सर्वांत उंच पर्वताला इंग्रज स्नोडन म्हणतात. वेल्श माणसाच्या भाषेत तो अर विद्वा. २०२२ साली तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानेही हेच नाव वापरण्याचा निर्णय घेतला. उंची १०८५ मीटर. कळसूबाई चढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु समुद्रावरून येणारा वारा आणि पाऊस या पर्वताला थेट भिडतात, पाहता पाहता धुके उतरते आणि वाट चुकून किंवा घसरून दगावणाऱ्यांच्या बातम्या तेथून येत राहतात.

या पर्वतावर गेली काही वर्षे एक वेगळीच चढाई होत असते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत मुस्लीम विद्यार्थ्यांच्या ‘इस्लामिक सोसायटी’ नावाच्या संघटना आहेत. मदतकार्य करणाऱ्या मुस्लीम संस्थांच्या साह्याने या संघटना केवळ विद्यार्थिनींसाठी अशा चढाया योजतात. प्रत्येक मुलगी नातलगांकडून, शेजाऱ्यांकडून, वडिलांच्या दुकानातील गिऱ्हाइकांकडून देणगीची वचने घेते. तिने शिखर गाठावे, आणि त्यांनी अनाथांसाठी, दुष्काळग्रस्तांसाठी, गाझा-सीरिया-येमेनमधील युद्धपीडितांसाठी पैसे द्यावेत, असा हा करार. लंडनमधील मुस्लीम विद्यार्थ्यांनी २००३ मध्ये ‘चॅरिटी वीक’ सुरू केला, तेव्हापासून विद्यापीठांतील या निधिसंकलनाला सालाबादचे रूप आले आहे.

बस पहाटे निघते. फज्रची नमाज निघण्यापूर्वी नाहीतर वाटेत. पेन-इ-पास येथे, ३५९ मीटर उंचीवर, गाडीरस्ता सोडायचा आणि पिग ट्रॅक नावाच्या खडकाळ वाटेने चढू लागायचे. जाऊन-येऊन सुमारे ११ किलोमीटर. साधारण सहा तास. डोक्यावर हिजाब, हिजाबावर पावसाळी टोपी, पायांत पुष्कळदा मैत्रिणीकडून मागून आणलेले बूट. वाटाड्याही शक्यतो स्त्रीच असते. दुपारी आडोसा पाहून बाटलीतल्या पाण्याने वजू करायची, आग्नेयेकडे तोंड करून नमाज पढायची आणि पुन्हा चढायला लागायचे. शिखरावर छायाचित्र काढतात. काही संघटनांत ते पाठमोरेच काढण्याचा रिवाज आहे. ज्यांना घाम गाळायचा नाही त्यांच्यासाठी लॅनबेरिसहून शिखराकडे जाणारी छोटी आगगाडी १८९६ पासून आहे. देणगी मात्र आगगाडीने जाणाऱ्याला कोणी देत नाही.

ही हकीकत ऐकून पुरोगामी माणसाच्या कपाळावर आठी उमटते. डोंगर चढायला धर्म कशाला हवा? मुलींचे वेगळे जथे काढून स्त्री-पुरुष विभागणीला खतपाणीच घातले जात नाही काय? आणि दानधर्माने कोणत्या देशातील दारिद्र्य हटले आहे? तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण आक्षेप घेणाऱ्याने आधी या मुली कोण आहेत आणि हा डोंगर कोणाचा होता, हे पाहिले पाहिजे.

या मुलींपैकी पुष्कळजणी मीरपूरच्या, सिल्हेटच्या, गुजरातच्या माणसांच्या नाती-पणती आहेत. १९६० च्या दशकात झेलम नदीवर मंगला धरण बांधले गेले, मीरपूर भागातील लाखाच्या घरात माणसे उठली आणि त्यांतील अनेकांनी ब्रॅडफर्डच्या, लँकेशरच्या कापडगिरण्यांची वाट धरली. त्या गिरण्यांत रात्रपाळी बहुतांशी याच माणसांची असे. बायका घरी बसून नगावर शिवणकाम करीत. गिरणीच्या पाठीमागे पेनाइन्सच्या टेकड्या दिसत. पण रात्रपाळी करून आलेला माणूस रविवारी टेकडी चढायला जात नाही. पुढे गिरण्याही बंद पडल्या. टॅक्सी आल्या, किराणा दुकाने आली आणि नातवंडे विद्यापीठात गेली. दोन पिढ्या त्या डोंगरांच्या छायेत राहिल्या, परंतु डोंगर त्यांच्या जगण्यात आला नाही. त्याला मोटार लागते, बूट लागतात, पावसाळी कपडे लागतात आणि मुख्य म्हणजे ‘ही जागा माझी आहे’ असे मनाशी म्हणण्याची सवय लागते. ती सवय वारशाने येते.

ती या घराण्यांकडे का आली नाही याचे एक उत्तर २०२१ च्या नाताळच्या दिवशी मिळाले. पीक डिस्ट्रिक्टमधील मॅम टॉर या ५१७ मीटरच्या टेकडीवर मुस्लीम पदभ्रमण करणाऱ्यांचा एक मोठा गट चढला. त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होताच समाजमाध्यमांवर त्यांच्यावर शिव्यांचा आणि टवाळीचा वर्षाव झाला. एवढ्या संख्येने येऊन ही माणसे शांततेचा भंग करतात, असा त्यातला सभ्य सूर होता. असभ्य सूर सांगण्याची गरज नाही.

मॅम टॉरच्या समोरच, एडेलच्या खोऱ्यापलीकडे, किंडर स्काउटचे पठार आहे. समाजवादी कार्यकर्त्याला ते नाव ठाऊक असले पाहिजे. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार बंदी झुगारून या पठारावर चढले. जमीन ड्यूक ऑफ डेव्हनशरची, राखीव कशासाठी तर पक्ष्यांच्या शिकारीसाठी. रखवालदारांशी झटापट झाली. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा ज्यू कामगार. त्याला चार महिने मिळाले. रानात चालल्याबद्दल! मजूर पक्षाच्या सरकारने १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. मोकळ्या डोंगराळ जमिनीवर सर्वसामान्यांना हिंडण्याचा हक्क देणारा कायदा मात्र २००० साली आला आणि त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी २००४ पासून टप्प्याटप्प्याने झाली. रॉथमन जानेवारी २००२ मध्ये वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, सत्तराव्या स्मृतिदिनी, तत्कालीन ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. तीन महिने उशीर झाला.

याच काळातील दुसरी एक हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे. लेडी एव्हलिन कॉबोल्ड ही स्कॉटिश उमराव घराण्यातील स्त्री, इस्लामची अनुयायी. हरणांच्या शिकारीत निष्णात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ग्लेनकॅरन येथे तिची इस्टेट होती. १९३३ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तिने हज केली. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुस्लीम स्त्रियांत हजची नोंद असलेली ती पहिली मानतात. १९६३ च्या जानेवारीत ती वारली, तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिचे दफन त्याच डोंगरउतारावर, मक्केच्या दिशेस तोंड करून झाले. म्हणजे ब्रिटनच्या डोंगरावर मुस्लीम स्त्रीचे पाऊल पूर्वीच पडले होते. तिची श्रद्धा तिच्या डोंगराच्या आड आली नाही, कारण डोंगर तिच्या मालकीचा होता. रॉथमनला श्रद्धा नव्हती आणि डोंगरही नव्हता. त्याला तुरुंग मिळाला. मीरपूरच्या गिरणीकामगाराच्या नातीचा प्रश्न धर्माचा आहे तितकाच तो वर्गाचाही आहे, हे या दोन हकीकती शेजारी ठेवल्या की दिसते.

आता धर्माचा आक्षेप. अर विद्वाच्या आसपासच्या मुलखात तो घेणे विशेष अवघड आहे. या पर्वताच्या कुशीत तांब्याच्या खाणी होत्या. पेन-इ-पासहून निघणारी दुसरी वाट अजूनही ‘मायनर्स ट्रॅक’ या नावानेच ओळखली जाते. पायथ्याशी लॅनबेरिसला डिनोर्विगची स्लेट-पाटीची प्रचंड खाण होती, ती १९६९ साली बंद पडली. जवळच्या बेथेस्डा गावी लॉर्ड पेन्रिनच्या खाणीत नोव्हेंबर १९०० पासून तीन वर्षे संप चालला. संपकऱ्यांच्या घरांच्या खिडक्यांत ‘या घरात फितूर नाही’ अशा अर्थाची वेल्श पाटी लागे. ज्या घरची पाटी उतरे त्या घरचा माणूस कामावर गेला असे समजावे. आणि या गावाला बेथेस्डा हे नाव कशावरून पडले? तेथील प्रार्थनामंदिरावरून! खाणकामगार अक्षरे शिकला, सभेत उभे राहून बोलायला शिकला तो अशा प्रार्थनामंदिरांतून. मजूर पक्षावर मार्क्सपेक्षा मेथॉडिस्ट पंथाचे ऋण अधिक आहे, असे त्या पक्षातच नेहमी म्हटले जाते. ज्यांचे आजोबा धर्मसभेतून संपावर गेले, त्यांनी नमाज पढून डोंगर चढणाऱ्या मुलीकडे पाहून नाक मुरडावे, हे काही शोभत नाही.

तथापि येथेच थांबून टाळ्या वाजविणे हा भाबडेपणा होईल. धर्म या मुलींना वाट देतो. तोच धर्म, म्हणजे त्याचा अर्थ लावणारे पुरुष, ती वाट मोजूनही देतात. हे मोजमाप अगदी शब्दशः आहे. दक्षिण आशियातील हनफी उलेमांच्या परंपरेत प्रवासाची मर्यादा ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, धरली जाते. त्यापलीकडे जाणारा मनुष्य मुसाफिर ठरतो आणि मुसाफिराला चार रकातींची नमाज दोन रकातींत आटोपण्याची सवलत मिळते. याच अंतराच्या पलीकडे स्त्रीने मात्र महरमशिवाय, म्हणजे नवरा किंवा ज्याच्याशी विवाह निषिद्ध आहे अशा पुरुष नातलगाशिवाय, जाऊ नये असेही सांगितले जाते. २०१६ मध्ये लँकेशरमधील एका मुस्लीम संस्थेने असा सल्ला दिल्याचे उघडकीस आले, तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांत बराच गदारोळ झाला. लँकेशरच्या कापडगिरण्यांच्या गावांपासून अर विद्वा या मर्यादेच्या दुप्पट अंतरावर आहे.

म्हणजे पर्वतावर दोन रकाती पढून उठणारी मुलगी एकाच नियमाचा अर्धा भाग पाळत असते आणि अर्धा मोडत असते. सवलत घेते, बंदी घेत नाही. ती बंड पुकारत नाही, घोषणा देत नाही. बहुधा तिला हे बंड वाटतही नाही. विश्वासू स्त्रियांच्या संगतीने प्रवास चालतो असे मानणारी मतेही फिक्हमध्ये आहेत, आणि संयोजक मुली त्यांचा आधार घेतात. भारत सरकारच्या हज धोरणातही २०१८ पासून ४५ वर्षांवरील स्त्रियांना गटाने महरमशिवाय जाण्याची मुभा मिळाली आहे. शास्त्रार्थाची ही चिकाटी क्षुल्लक लेखू नये. हजरत आयेशांनी पैगंबरांबरोबर धावण्याची शर्यत लावली व एकदा ती जिंकली, ही हदीसमधील कथा या मुलींना पाठ असते, आणि कोणी नाक मुरडले की ती पुढे केली जाते.

हाजरेची कथा तर याहून भेदक आहे. तान्ह्या इस्माइलसाठी पाणी शोधीत ती सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. हजयात्री आजही तिच्या स्मरणार्थ त्या सात फेऱ्या करतात. अंतर तीन किलोमीटरहून थोडे अधिक भरते. वाटेत हिरव्या दिव्यांनी दाखविलेला एक टप्पा आहे, तेथे वेगाने धावायचे असते. पण धावायचे पुरुषांनी. स्त्रियांनी चालायचे. एका बाईच्या धावण्याचे स्मारक, आणि त्यात बायांना धावायची मनाई! या विसंगतीवर बोट ठेवणारी पहिली मुलगी कोणत्या तरी मशिदीच्या वर्गात किंवा विद्यापीठाच्या वसतिगृहात कधीच बोलून गेली असेल. तिचे म्हणणे बाहेरच्या पुरोगाम्याने तिच्या वतीने बोलण्यापेक्षा तिलाच बोलू द्यावे.

वेगळ्या जथ्यांच्या आक्षेपावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. कामगार संघटनांनाही स्त्रियांच्या शाखा काढाव्या लागल्या. ज्या मुलीने शाळेत सामाईक कपडे बदलण्याच्या खोलीपायी खेळ सोडला, तिला पहिले पाऊल टाकण्यापुरती जागा वेगळी मिळाली तर बिघडत नाही. २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात ब्रिटनमधील नगरपालिकांचे अनुदान आटले, युवक केंद्रे बंद झाली, तरणतलावांना टाळी लागली. जेथे नगरपालिका मागे हटते तेथे धर्मसंस्था पुढे येते. हा दोष मुलींचा नव्हे.

दुसऱ्या बाजूने शासन आणि क्रीडासंस्था काय करतात? जागतिक फुटबॉल महासंघाने २०११ च्या जूनमध्ये इराणच्या स्त्रियांच्या संघाला डोके झाकल्याबद्दल ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नाही. २०१४ मध्ये नियम बदलला. बास्केटबॉल महासंघाला २०१७ उजाडले. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०१९ साली एका शाळकरी मुलीने पाच किलोमीटरची शर्यत पुरी केली आणि नंतर कळले की हिजाबासाठी आगाऊ परवानगी न घेतल्याने तिची वेळ बाद झाली. २०२२ मध्ये त्या राज्याला कायदा करून हा अन्याय दूर करावा लागला. फ्रान्सची दिशा मात्र उलटी आहे. २०२३ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फुटबॉल सामन्यांतील हिजाबबंदी उचलून धरली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इतर देशांच्या खेळाडूंना जे चालले ते फ्रान्सच्या खेळाडूंना चालले नाही. धावपटू सूंकांबा सिला हिला उद्घाटनाच्या संचलनात टोपी घालून तडजोड करावी लागली. धर्मनिरपेक्षतेच्या नावाने हे झाले. धर्मनिरपेक्ष शासनाने शाळेत, न्यायालयात, कचेरीत धर्म आणू नये, हे बरोबर. मैदानावर धावणारी मुलगी म्हणजे शासन नव्हे. मौलवी म्हणतो डोके झाक नाहीतर घरी बस, मंत्री म्हणतो डोके उघड नाहीतर घरी बस. दोन्ही आज्ञांत घरी बसणे तेवढे समान आहे.

हमीद दलवाईंच्या वारशातून आलेला कार्यकर्ता येथे एक प्रश्न विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लीम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. त्यांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व रद्द करा म्हटले, ते नागरिक या नात्याने. कोणत्या हदीसची परवानगी काढून नव्हे. त्या सातजणींच्या शेजारी या शेकडो विद्यार्थिनी कोठे बसतात? उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर त्या अजून एक पायरी खाली आहेत. सातजणींनी हक्क मागितला. या मुलींनी अजून सवड मागितली आहे.

आणि सवड मागताना त्या जी किंमत देतात ती दानाच्या पावतीवर दिसत नाही. दानधर्माने गाझाचे किंवा येमेनचे प्रश्न सुटणार नाहीत, हे खरे. पण जखमीला मलमपट्टी करणाऱ्याला हिणवण्याचे कारण नाही. खरी अडचण निराळी आहे. ही मुलगी डोंगरावर जाते ती स्वतःसाठी नव्हे, अनाथांसाठी, असे सांगितल्यावरच घरचे दार उघडते. पाय दुखले, बोटे गारठली, गुडघा फुटला, हे सर्व सवाबाच्या खात्यावर जमा. वारी पाहिलेल्या समाजाला हे नवे नाही. माहेरी जायला चार दिवस न मिळणाऱ्या सासुरवाशिणीला पंढरपूरला जायला तीन आठवडे मिळत. सोसणे पवित्र असले की परवानगी मिळते. शिखरावर उभे राहून धुके फाटताना खालची निळी तळी दिसतात, त्या क्षणीच्या आनंदाचे काय करायचे? तो कोणत्या खात्यावर मांडायचा? त्यासाठी कोणी देणगीचे वचन दिलेले नसते.

ज्या मुलीला नमाज पढायची नाही, जिला निधी गोळा करायचा नाही, जिला जथ्यासह नव्हे तर एकटीने किंवा एका मैत्रिणीसह जायचे आहे, तिला अशा सहलीत जागा नसते. तिच्याबद्दल संघटना बोलत नाही, आणि हिजाबी मुलींच्या हक्कांसाठी निवेदने काढणारे डावेही क्वचितच बोलतात. श्रद्धाळू मुलीच्या बाजूने फ्रेंच मंत्र्याविरुद्ध उभे राहणे सोपे आहे, शत्रू समोर दिसतो. श्रद्धा सुटलेल्या किंवा सैल झालेल्या मुलीच्या बाजूने तिच्याच घराच्या उंबरठ्यावर उभे राहणे कठीण, कारण तेथे समोर मंत्री नसतो. थकलेला टॅक्सीवाला बाप असतो, त्याच्यावर स्वतः वर्णद्वेष सोसण्याची पाळी आलेली असते, आणि त्याचे भय अगदीच निराधार नसते. त्या बापाशी बोलण्याची भाषा समाजवादी चळवळीने कमावलेली नाही. मशिदीने कमावली आहे.

किंडरच्या पायथ्याचे एडेल स्टेशन मँचेस्टरपासून आगगाडीने पाऊण तासावर आहे. हे अंतर ४८ मैलांच्या जवळपास निम्मेच भरते. कोणाचा फतवा आड येत नाही, महरम लागत नाही, नमाज पुरी चार रकातींची पढायची. जमिनीवर हिंडण्याचा हक्क कायद्याने मिळालेला आहे, रखवालदार उभा नाही. भाड्याचे पैसे आणि एक रविवार एवढेच लागते. अर विद्वा चढून आलेली मुलगी पुढच्या रविवारी, कोणत्याही निधीचे निमित्त न काढता, बूट घालून दाराशी उभी राहते, तेव्हा आई विचारते, ‘आता कशाला?’ ‘आवडते म्हणून’ हे उत्तर अजून अनेक घरांत पुरत नाही.